काकूंच्या कानाजोगती सीडी

उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेल्यावर सीडीकाकांनी घरातली मागची खोली बळकावली. कॅसेटी, जुन्या तबकड्या, एक कॉम्प्युटर आणि वायरींचं जंजाळ. लोक जुनी रेकॉर्डिंगं घेऊन येत, हवी ती गाणी सांगत आणि काका त्यांची एक सीडी करून देत. म्हणून तर नाव पडलं सीडीकाका.

एखादी गोष्ट नजरेखालून घालावी, तशी प्रत्येक सीडी आधी काकूंच्या कानाखालून जाई. काकू स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता निकाल देत.

"त्या उत्साही बाईच्या पाठोपाठ हा रडका कशाला आणलात? ऐकणारा झोपेल की!"

काका धुसफुसत, पण गाणं हलवत. काकूंचं बरोबर असे, हीच तर पंचाईत होती.

अलीकडे मात्र काकू प्रत्येक सीडीला "छान झालीय" म्हणू लागल्या. पहिल्यांदा काका हरखले. मग त्यांच्या मनात पाल चुकचुकली. लग्न झाल्यापासून हिने इतक्या वेळा 'छान' कधी म्हटलं होतं? एकदा त्यांनी मुद्दामच एका बारीक आवाजाच्या गायिकेचं एकच गाणं लागोपाठ दोनदा लावलं.

"छान झालीय," आतून आवाज आला.

काका स्वयंपाकघरात गेले आणि समोर बसले. "अगं, तुला ऐकू येत नाही का?"

"तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता!" काकू उसळल्या. मग सुरी खाली ठेवून हळूच म्हणाल्या, "गाणी भिंतीपलीकडे वाजल्यासारखी वाटतात. तुम्ही एवढा जीव ओतून करता, म्हणून बोलले नाही."

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वरच्या पट्टीतले बारीक आवाज गेलेत, खालचे, खर्जातले शाबूत आहेत. कानाचं मशीन लावा. काकू म्हणाल्या, "बघू." त्यांचा 'बघू' म्हणजे नकारच, हे काकांना ठाऊक होतं.

घरी येताच काकांनी बाह्या सरसावल्या. काकूंना मागच्या खोलीत स्टुलावर बसवलं. "डोळे मीट. नीट ऐकू आलं की हात वर कर."

बासरी वाजली, हात मांडीवरच. काकूंची लाडकी गायिका आली, तरी हात मांडीवरच. काका एकामागून एक कॅसेटी घालत राहिले. शेवटी पिंपात तोंड घालून गातो म्हणून दोघांनी आजवर ज्याची टिंगल केली होती, तो गायक लागला आणि काकूंचा हात झटकन वर गेला.

"अरे देवा! हाच ऐकू यावा ना!"

दोघं पोट धरून हसले.

मग काका अशीच जाड्या आवाजाची गाणी हुडकत सुटले. एका जुन्या कॅसेटवर काकूंच्या थोरल्या भावाचं अंगाईगीत निघालं. नव्या टेपरेकॉर्डरची चाचणी म्हणून त्यांनी म्हटलेलं. आवाज असा, की निजलेलं मूल दचकून उठावं. पण काकूंना त्यातला शब्द न् शब्द कळला. त्यांनी डोळे पुसले आणि लगेच भावाला फोन लावला.

"दादा, तुझं गाणं सीडीवर घेतलंय."

"बघ! आवाज चांगलाय म्हणून मी सांगत होतो, पण घरात कुणी ऐकेल तर शपथ!"

"सारखं हेच लावून बसले, तर वेड लागेल हो," फोन ठेवून काकू म्हणाल्या. "चला, ते मशीनही बघून येऊ."

मशीन आलं. त्याने सगळं परत आलं नाही, बासरी अजून चिरकतेच. पण आता ज्यांचे कान मंदावलेत अशी म्हातारी मंडळी काकांकडे येतात. काकू त्यांना स्टुलावर बसवतात, समोर खुर्ची ओढून कोणाला काय ऐकू येतं ते विचारतात आणि मग आतल्या काकांना गाणी फर्मावतात. काका आतून म्हणतात, "हो, हो, लावतो." आणि लावतात.