भिंतीवरचा मंगळ

मी ग्रहांच्या दगडांचा अभ्यास करतो. सोसायटीत राहायला आलो तेव्हा हे कळल्यावर दोन शेजाऱ्यांनी मुलींच्या पत्रिका आणून दाखवल्या होत्या. त्यांच्यावर माझा राग नाही. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

आमची सोसायटी डोंबिवलीच्या बाहेर, कल्याण-शीळ रस्त्यापासून आत, टेकडीच्या पायथ्याशी आहे. खरं तर पायथा उरलेलाच नाही. बिल्डरने तो कापून काढला आणि तिथे इमारती उभ्या केल्या. उरलेली टेकडी आमच्या मागे उभी आहे, सुरीने वडी कापावी तशी सरळ. एवढा उभा काप कुठल्याही डोंगराला सोसत नाही. बिल्डर फ्लॅट विकून निघून गेला, आणि डोंगर आमच्या गळ्यात पडला.

मी मात्र घर घेतलं ते त्या कड्यासाठीच. लोक घर घेताना खाडी दिसते का, बाग दिसते का बघतात, आणि आमच्या नशिबी दगड, असं बायको अजून म्हणते. त्या कड्यात लाव्हारसाचे दोन काळे थर होते आणि त्यांच्या मधोमध विटकरी रंगाचा एक पट्टा. खालचा लाव्हा निवल्यावर तो फार मोठा काळ पावसापाण्यात पडून राहिला, वरून कुजला, त्याची माती झाली. मग नवा लाव्हा आला आणि त्याने ती माती भाजून काढली. म्हणजे तो पट्टा दोन आगींच्या मधल्या पाण्याच्या काळाची खूण. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनी काढलेल्या चित्रांत मी असेच पट्टे शोधतो. ती चित्रं वाचायला मला माझ्या खिडकीतल्या कड्याने शिकवलं.

मग कड्यावरून दगड सुटून पार्किंगमध्ये पडू लागले, एका गाडीची काच फुटली. सभा बोलावली गेली. कड्यावर लोखंडी जाळी ठोकून वरून सिमेंट मारायचं ठरत होतं. आमचे सेक्रेटरी गणपती मंडळाचंही बघतात. त्यांनी सुचवलं, यंदा देखावा अंतराळाचा करू, सिमेंटवर मंगळ रंगवू, आणि उद्घाटन आपल्या सरांच्या हस्ते. मला आनंद होईल असं त्यांना मनापासून वाटत होतं.

मी उठलो आणि संतापून बोललो. हा कडा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, म्हणालो. मंगळासारखं जे काही या गावात आहे ते तुम्ही लिंपून टाकणार आणि त्याच्यावर मंगळाचं चित्र काढणार, याची लाज वाटायला हवी, म्हणालो. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. ज्यांची काच फुटली होती ते गृहस्थ म्हणाले, "सर, मंगळावर पार्किंग नाही, तुमचं बरं आहे." सगळे हसले. हात वर झाले. माझा सोडून सगळ्यांचे.

पुढचे दिवस मी फुगून बसलो. काम चालू असताना मागच्या खिडकीचा पडदा उघडला नाही. डोंगरातलं पाणी बाहेर यायला सिमेंटमधून पाइप सोडावे लागतात. कंत्राटदार ते सोडणार होता, पण ओघळांनी चित्र खराब होईल म्हणून सेक्रेटरींनी ते रद्द करायला लावले. हे मला मागून कळलं. वरच्या दगडाच्या भेगांतून उतरलेलं पाणी त्या तांबड्या मातीवर येऊन अडतं आणि बाहेरच्या बाजूला वाट काढतं. दर पावसाळ्यात त्या पट्ट्यातून पाझर सुटलेला मी बघत आलो होतो. ती वाट बंद झाली आणि मी पडद्याआड होतो.

तळमजल्यावर एक काकू राहतात, मूळच्या कोकणातल्या, जिभेने तिखट. त्यांच्या झोपायच्या खोलीची खिडकी आणि कडा यांत माणूस जेमतेम जाईल एवढीच जागा. काकांना अर्धांगवायू झालेला, त्यांचा पलंग त्याच खिडकीखाली. श्रावणातल्या एका सकाळी काकूंनी मला हाक मारली.

"काय रे, तुझ्या मंगळाला दिवस गेलेत की काय? पोट बघ त्याचं."

मी बघितलं. खिडकीच्या वर सिमेंट फुगलं होतं. काठीने ठोकलं तर आत पोकळ वाजलं. मागे पाणी साठत होतं.

मी तसाच सेक्रेटरींकडे गेलो. भोकं पाडा, आठ दिवसांत भिंत सुटेल, खाली आजारी माणूस आहे, असं सांगितलं. ते हसले. तुम्हाला तुमचा दगड परत हवाय हे आम्हाला कळतं, पण गणपती तोंडावर आलेत, म्हणाले. दगडाचा प्रश्नच नाही, असं मी म्हणालो तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "सभेत साडेसहा कोटी वर्षं म्हणालात. आता आठ दिवसही धरत नाही म्हणताय. आम्ही काय धरायचं?"

मी चिडून जिना उतरलो. आणि त्या चिडीत सगळ्यात जास्त टोचत होतं ते हे, की हा प्रश्न मीच त्यांच्या हातात दिला होता. सभेत मी सगळे शब्द दगडासाठी वापरले. पाझराबद्दल एक वाक्य बोललो नाही, त्या खिडकीमागच्या माणसाबद्दलही नाही. दोन्ही मला ठाऊक होतं.

काकूंना मी जे होतं ते सरळ सांगितलं. शेजारच्या दोघांना बोलावून आम्ही काकांचा पलंग हॉलमध्ये आणला. मंडळाच्या गणपतीचा पहिल्या दिवशीचा नैवेद्य सोसायटी झाल्यापासून काकूंच्या घरून जातो. त्यांच्या मोदकांशिवाय पहिली आरती होत नाही. त्यांनी सेक्रेटरींना निरोप पाठवला की यंदा नैवेद्याची सोय दुसरीकडे बघा.

सेक्रेटरी धावत खाली आले. काकू त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि खिडकीपाशी उभं केलं.

"इथे झोपून दाखव एक रात्र," त्या म्हणाल्या. "मग मी मोदक करते."

सेक्रेटरींनी वर फुगलेल्या सिमेंटकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रिल मशीनवाला आला.

पहिलं भोक पडलं आणि लाल पाण्याची धार उसळली. दुसरं पाडेपर्यंत फुगलेला तुकडा करकरला. माणसं मागे सरली म्हणून वाचली. सिमेंट खिडकीवर आलं, गज वाकले, काचा आत उडाल्या. फरशीवर पलंगाच्या पायांचे डाग होते, त्यांच्या मधोमध काचा पडल्या होत्या. काकू दारात उभ्या राहून ते बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

तुटलेला भाग परत लिंपला, या वेळी पाइप घालून. मंगळ पुन्हा रंगवला. उत्सवात त्या पाइपांतून लाल ओघळ उतरत राहिले, आणि ओघळ अगदी खरे वाटतात म्हणून बघायला आलेल्यांनी कौतुक केलं. सेक्रेटरींनी माइकवरून सांगितलं की ही कल्पना सरांची. मला शाल आणि नारळ दिला. काकूंचे मोदक समोर ठेवलेले होते आणि काका हॉलच्या खिडकीतून बघत होते, म्हणून मी गप्प राहिलो. ते चांगलं केलं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही.

माझा पट्टा आता सिमेंटच्या मागे आहे. बाहेरच्या देशातल्या सहकाऱ्यांना मी त्याचे जुने फोटो पाठवतो.

पुढच्या वर्षी गणपतीआधी पेंटर आला. चित्र स्वच्छ दिसावं म्हणून त्याने पाइपांची तोंडं पुट्टीने बुजवून टाकली. त्याला तसं सांगणारे तेच, ज्यांनी त्या खोलीत उभं राहून वर बघितलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, वर्षभर काही झालं नाही ना, सर.

तेव्हापासून दर वर्षी पेंटर गेला की मी सळई घेऊन काकूंच्या खोलीमागच्या फटीत शिरतो आणि एकेक तोंड मोकळं करतो. वरच्या मजल्यावरून कुणीतरी हमखास ओरडतं, सर, मंगळावर पाणी सापडलं का. काकू खिडकीतून बॅटरी धरतात आणि वर बघून उत्तर देतात, "हो, सापडलं. तू खाली ये, तुला दाखवते."