अर्धा दिवस बाकी

आषाढातला मंगळवार. रक्कम तीन रुपये. हजर सहा भातलावणीवाले, खाचराच्या मालकीण अमिनामावशी, मी आणि पैसे वाटणारे माझे भाडेकरू. प्रत्येकी आठ आणे.

हे भाडेकरू पुण्याचे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या वर्षांत मावळातली मजुरी आणि छोटे धंदे यांवर अर्थशास्त्राचा प्रबंध लिहायला ते लोणावळ्यात माझ्याकडे राहत होते. चष्मा कपाळावर चढवून कुणालाही विचारायचे, "याचं मोल काय धरायचं?" एकदा चिक्कीवाल्याला म्हणाले, "घरात शेंगदाणे सोलतात, त्या श्रमांचं मोल काय धरायचं?"

"हळू बोला," चिक्कीवाला म्हणाला, "बायको आतच आहे."

लोहगडवाडीला माझी थोडी जमीन होती, म्हणून त्यांना लावणी पाहायला नेलं. संध्याकाळी त्यांनी आठ आण्यांच्या अधेल्या वाटल्या. लावणीवाल्यांत वडील बाबूआबा. त्यांनी अधेली उलटसुलट करून पाहिली.

"ह्ये कशापायी?"

"तुमच्या श्रमाचं मोल."

"आवो, ही इर्जिक. आज समदे मावशीकडं, परवा माज्याकडं. मोल कसलं?"

"असू द्या, आबा." माणूस दिलदार. सगळ्यांनी पैसे घेतले.

गुरुवारी आबांची पाळी होती. बाकीचे पाच आले नाहीत. निरोप आला, आठ आणे असतील तर येतो. आबांकडे तेवढे नव्हते. रोप वाढत चाललं होतं. लावणी चुकली की आबांच्या घरातला वर्षाचा भात गेला.

मी लोणावळ्यात येऊन हे सांगितलं. भाडेकरू जेवत होते.

"मग पाचांचे पैसे मी देतो."

"आणि पुढच्या वर्षी?"

चष्मा कपाळावर गेला, पण प्रश्न आला नाही.

शुक्रवारी सकाळी ते धोतर खोचून आबांच्या चिखलात उतरले. मी बांधावर छत्री घेऊन.

"वाका जरा, मास्तर," आबा म्हणाले. "उभ्यानं भात लागत न्हाई."

अमिनामावशी आल्या. त्यांनी मास्तरांची ओळ पाहिली.

"आबा, भात लावताय का घाटाचा रस्ता काढताय?" म्हणाल्या आणि पदर खोचून खाली उतरल्या. "तुमचा दिस माज्यावर हाय. त्यो फेडायला कुनाला इचारायचं?"

हे बांधापलीकडे ऐकू गेलं असावं. दुपारपर्यंत पाचही जण एकेक करून आले. आठ आण्यांचं नाव कुणी काढलं नाही. तेवढ्यात मास्तरांच्या कमरेत उसण भरली. दोघांनी धरून त्यांना बांधावर आडवं केलं.

"आबा, अर्धा दिवस राहिला माझा."

"फुडच्या साली या. भात कुटं जातोय?"

प्रबंधाचं काम संपवून मास्तर निघाले, तेव्हा स्टेशनवर मला म्हणाले, "आषाढात येतो. नाहीच जमलं तर?"

"पैसे पाठवा," मी म्हणालो.

"तेवढं सोडून काहीही सांगा." आम्ही दोघेही हसलो.

प्रबंध मान्य झाला. उत्तरेकडच्या कॉलेजात नोकरी लागली. आषाढ आला, ते आले नाहीत. पुन्हा कधीच आले नाहीत.

आबांच्या इर्जिकीला मी गेलो. दुपारची भाकरी झाली तसा छत्री बांधावर ठेवून खाली उतरलो. पन्नाशीला आलेलं शरीर, आणि चिखल पोटरीपर्यंत.

आबांनी पाहिलं. "तुमी कुनाकडनं?"

"मास्तरांकडून."

आबांनी रोपाची जुडी माझ्या हातात दिली. दिवस मावळेपर्यंत मी वाकून होतो. ओळ माझीही वाकडीच गेली.

एकूण देणं अर्धा दिवस. बाबूआबांना पोचला.