बारा मार्चची रेघ

आमच्या खाडीकाठच्या राजिवड्यातल्या मुझम्मिल होडेकरांची महरीन नऊ वर्षांची असल्यापासून माझ्याकडे इंग्रजी शिकायला येई. वडील आखातात जहाजावर, आई जन्नत घरी शिवणकाम करी. इंग्रजी तिला भराभर आलं, पण माझ्याकडून तिने खरं उचललं ते वहीचं वळण. चुकलं तर खोडायचं नाही. एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी मला हे शिकवलं आणि छप्पन्न वर्षं मी रोजनिशी तशीच लिहिते. पुढे महरीन वहीतल्या झालेल्या कामांवरही तशीच रेघ मारू लागली.

पीएचडीला ती मुंबईत गेली. विषय धातूंचा फर्मी पृष्ठभाग. मला काही कळेना, तेव्हा तिने ओट्यावरच्या फणसावर हात ठेवला.

"काकी, धातूतले सगळ्यात जोरात धावणारे इलेक्ट्रॉन असतात ना, त्यांच्या गतीचा नकाशा काढला तर असा एक आकार येतो. डोळ्यांना दिसत नाही. पण धातूचा स्फटिक हेलियमने गार करून मोठ्या चुंबकात ठेवला की फणस न कापताच आतल्या चकतीचं माप मिळतं. स्फटिक थोडा फिरवला की दुसरी चकती."

"आणि संगणकावर काय करतेस?"

"तोच फणस नुसत्या गणिताने काढते. मग दोन्ही जुळवायचे."

जुळलं नाही तर गणितातले पट्टे, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या पातळ्या, जरासे वरखाली सरकवतात, असंही ती म्हणाली होती. सगळेच करतात म्हणे.

गेल्या मे महिन्यात ती घरी आली होती. प्रबंध देऊन झाला होता, तोंडी परीक्षा नऊ दिवसांवर होती. घरी चुलतबहीण अलिझाच्या लग्नाची गर्दी, म्हणून वह्या घेऊन ती माझ्या ओटीवर येऊन बसली. चेहरा पांढरा पडला होता.

"काय गो झालं?"

"परीक्षकांचं पत्र आलंय. विचारतात, स्फटिक एकाच बाजूला का फिरवला? स्फटिकाच्या मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना मापं सारखी यायला हवीत, ती दाखवा. मी हेलियम वाचवायला एकच बाजू मोजली, काकी. आणि स्फटिकच तिरका बसला असेल तर मधली रेषाच चुकली."

"तपासला नव्हतास?"

"तपासलाय. वहीत असेल. तुम्ही वाचा, मी फाइलींच्या तारखा बघते."

मी चष्मा लावून वाचू लागले. "अकरा मार्च. स्फटिक सुटला. ग्रीस लावून पुन्हा बसवला. बारा मार्च, दुपारी तीन, एक्स-रेवर दिशा तपासणे. यावर रेघ आहे."

तिने मोठा श्वास सोडला. "रेघ आहे ना? मग झालंय. हुश्श."

 बारा मार्च मला मात्र वेगळाच आठवत होता. पाणी पिण्याच्या निमित्ताने मी आत गेले आणि त्या वर्षीची रोजनिशी काढली.  'जन्नतचं अपेंडिक्सचं ऑपरेशन. महरीन पहाटेच्या गाडीने निघून दीड वाजता दवाखान्यात पोचली. रात्री आईजवळ राहिली.'

तीन वाजता ती मुंबईत नव्हतीच.

कपाटापाशी मी किती वेळ उभी होते कोण जाणे. माझी रोजनिशी कधी कोणी वाचलेली नाही. मी पान मिटलं असतं तर ते कुणाला कळणार होतं? पाच वर्षं, वडिलांचं आखातातलं आयुष्य आणि राजिवड्यातली पहिली पीएचडी माझ्या हातात होती. पण उद्या दुसऱ्या कुणी तो धातू मोजला आणि चूक उघडी पडली तर? तेव्हा तिच्याजवळ कोण असेल? मी वही उघडीच बाहेर नेली.

तिने ती दोनदा वाचली.

"एक्स-रे यंत्राची वेळ मिळाली तेव्हाच, काम झालं समजून मी रेघ मारली असणार," ती हळू म्हणाली. "मग आठ दिवसांनी परत गेले, रेघ बघितली आणि मोजत सुटले. वर गणितही त्या मापांना जुळवून सरकवलं. म्हणून इतकं छान जुळत होतं."

तेवढ्यात जन्नत तिला बोलवायला आली. तिने सगळं ऐकलं. "अगो, अपेंडिक्स माझं काढलं, डोकं तुझं कुठे गेलं?" म्हणाली आणि तोंडात पदर धरून रडू लागली.

महरीनने माझ्यासमोरच तिच्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. तपासणी न करताच रेघ मारली होती, हे तारखेसकट सांगितलं.  ते म्हणाले, "परीक्षा पुढे ढकलतो. या, पुन्हा मोजा. दोन्ही बाजू."

लग्न टाकून ती गेली. सात आठवडे मी रोजनिशीत रोज तिचं नाव लिहून पुढची जागा कोरी ठेवत होते. मग निरोप आला: 'स्फटिक सात अंश तिरका होता. न सरकवलेलं गणित आता बहुतेक जुळतं. एक चकती मात्र अजून जुळत नाही. ती आहे तशीच प्रबंधात लिहितेय. भीती वाटते, काकी.'

मी कोऱ्या जागा तशाच ठेवल्या आणि त्या दिवसाच्या पानावर लिहिलं, 'मलाही.'