एकाचा भाव दुसऱ्याला

बाबा, तुम्ही मला फसवलं.

आज वर्षश्राद्ध. सकाळपासून सगळे चांगलंच बोलताहेत. मी खरं लिहिते.

बाबा अमरावतीत कापसाचे दलाल. दूर अमेरिकेत लढाई पेटली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा आमच्या खापरपणजोबांनी हा धंदा धरला. एका व्यापाऱ्याचा भाव दुसऱ्याला कळू द्यायचा नाही, ही त्यांची रीत. घरात ती देवासारखी जपली.

बाबांचं हार्ट अधू झालं, तेव्हा आजारपणाची सगळी सूत्रं माझ्याकडे आली. अपॉइंटमेंट, रक्ताच्या टेस्ट, गोळ्यांचा डबा. हार्टच्या डॉक्टरांनी काय दिलं ते शुगरच्या डॉक्टरांना सांगायचं, त्यांचं म्हणणं इकडे आणायचं. नोकरी सांभाळून केलं. कुरकुर केली, पण केलं.

मधूनमधून बाबा अकोल्याला माझ्या धाकट्या भावाकडे जायचे. नातवंडांत रमतात, असं मला वाटायचं.

तिथे ते हार्टच्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवत होते.

इकडच्या गोळ्यांबद्दल तिकडे अवाक्षर नाही. तिकडच्या गोळ्यांबद्दल इकडे नाही. रक्त पातळ करायची गोळी दोघांनीही दिली. कंपनीचं नाव वेगळं, औषध एकच. बाबा दोन्ही घेत राहिले.

मेंदूत रक्तस्राव झाला.

आयसीयूबाहेर डॉक्टरांनी विचारलं, डबल डोस जात होता का? मी छातीठोकपणे म्हटलं, शक्यच नाही, डबा मी स्वतः भरते.

तेव्हा भाऊ खाली बघत बोलला.

"बाबानंच सांगतलं होतं, ताईले सांगू नोको म्हणून."

आणि तू ऐकलंस. मी तुला रोज फोन करत होते रे.

दुसऱ्या दिवशी बाबा थोडा वेळ शुद्धीवर आले. मी विचारलं, काहून लपवलं?

"दोघाचं मत अलग अलग पाहाचं होतं, बाई. एकाचा भाव दुसऱ्याले सांगाचा नसते."

"मंग मी कोन होती, बाबा? व्यापारी होती काय?"

संध्याकाळी बाबा गेले.

आज घासाला कावळा लगेच शिवला. भावाला हायसं वाटलं. म्हणाला, बाबांची काही इच्छा राहिली नाही.

माझी राहिली आहे. मला उत्तर हवं होतं.

राग गेलेला नाही, बाबा. तरी पाया पडते.

तुमची लेक.