निळीचे दोन पट्टे
ही गेली त्याच्या आदल्या सांजेला आम्ही दोघं सैपाकघराच्या भिंतीवर रंगाचे पट्टे मारत होतो. जुनी घरं रंगवायचा माझा धंदा, आणि चुन्याचा रंग वाळल्यावर फिका पडतो म्हणून नमुना आधी घरी वाळवून बघायची माझी खोड. त्यामुळं आमच्या भिंतीला खरूज झाल्यागत दिसायचं, अजून दिसतं. तेव्हा अंबाजोगाईच्या एका घराचं काम होतं. मालकाला आजोबाच्या वेळचा निळा रंगच पाहिजे होता. त्यानं जुन्या गिलाव्याची खपली हातात दिली होती आणि दोन नमुने नापास केले होते. तिसरा चुकला तर काम दुसऱ्या रंगाऱ्याला जाणार होतं. मी भिजल्या चुन्यात नीळ कालवून पट्टा मारला. ही म्हणाली, "अजून टाका. सकाळपर्यंत पांढराफटक पडंल." मी म्हणलो, "रंगारी मी हाय का तू?" "रंगारी तुमीच. पण तुमच्या धोतराला नीळ मी घालते." मग तिनं वाटीत जास्तीची नीळ कालवून शेजारी आपला पट्टा मारला, हात लुगड्याला पुसले आणि जाऊन झोपली. पहाटे हलवली तर उठलीच न्हाई. सकाळी घर माणसांनी भरलं. बाया म्हणत होत्या, म्हातारा भिंतीला डोकं लावून रडायलाय. मी खपली लावून बघत होतो. माझा पट्टा पांढरा पडला होता. तिच्या पट्ट्यावर खपली ठेवली तर दिसतच नव्हती. मी बायांना बाजूला सारलं, तिच्या कानाशी वाकलो आणि सांगितलं, "तुझा पास हाय."