राहुकाळातली होडी

माझ्या सासूबाई अंबुजाअम्मा जन्मापासून चेन्नईत, मरीनाच्या समुद्रापासून पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर राहिल्या, पण होडीत एकदाही बसल्या नव्हत्या. लग्नाआधी कुणी नेलं नाही, लग्नानंतर आडवे आले माझे सासरे. सेतुमाधवअप्पा वीज खात्यातून निवृत्त झालेले कारकून. स्वभावाने इतके गरीब की भाजीवाल्याशी घासाघीस करायलाही लाजतात. पण भिंतीवरच्या रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरवर राहुकाळ छापलेला असतो ना, तिथे ते कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. राहुकाळात आमच्या तिरुवल्लिकेणीच्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही, म्हणजे नाही.

मी साताऱ्याची, डोकं जरा तापट. लग्न होऊन आले तेव्हा सोमवारी सकाळी पेरुंगुडीच्या ऑफिसला निघताना अप्पा दारात आडवे. "थोडें थांब, मा. राहुकाळ संपूं दे." ऑफिसची बस काय राहुकाळ बघून सुटते? दोन-तीन सोमवार भांडले. सोमवारचा राहुकाळ साडेसात ते नऊ, म्हणून मग साडेसातच्या आत पर्स घेऊन शेजारच्या रंजनीच्या घरी जाऊन बसायला लागले. निघणं मुहूर्तावर झालं म्हणून अप्पा खूश, रंजनीची फिल्टर कॉफी मिळते म्हणून मी खूश.

अम्मा मात्र कधी भांडल्या नाहीत. त्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. घरात तंजावरची जुनी मराठी, शाळेत तमिळ, आणि दोन्हीकडे सारखाच दरारा. त्यांचा आवडता धडा प्रवाळाचा. रंगीत खडूंनी फळाभर समुद्राचा तळ काढायच्या, त्यात प्रवाळ गुलाबी. शेजारपाजारच्या बायकांपैकी निम्म्या त्यांच्या विद्यार्थिनी, त्यांना तो फळा अजून आठवतो. "आणि मी स्वतां पाहिलें नाहीं गं, निधी," अम्मा मला म्हणायच्या. "न पाहतां शिकविलें सगळें."

मग काचबिंदूने त्यांचा उजवा डोळा गेला. डावा थेंबांवर तगून आहे. किती दिवस, ते डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची वेळ नेमकी राहुकाळात आली होती. अप्पांनी हातापाया पडून नको म्हटलं, कुणी ऐकलं नाही. डोळा आधीच हातचा गेला होता असं डॉक्टरांनी नंतर समजावलं, पण अप्पांच्या मनात जे बसलं ते बसलं. तेव्हापासून रस्त्याने जाताना ते कायम अम्मांच्या उजव्या बाजूने चालतात. गर्दीतून कुणी त्या बाजूने आलं तर अम्मांना दिसत नाही म्हणून.

तर अशा घरात माझ्या नवऱ्याने, शेषाद्रीने, डिसेंबरात अंदमानला जायचं ठरवलं. सिरुसेरीच्या ऑफिसातून सुट्टी मिळवली, विमानाची तिकिटं काढली, आणि एका रविवारी आम्ही चौघं जेवणाच्या टेबलाशी होडी निवडायला बसलो. फिरण्याच्या सगळ्या दिवसांत मोकळा फक्त शनिवार होता. शेषाद्रीने फोनवर तीन होड्या दाखवल्या. एक सूर्यास्ताची, गाणीबिणी आणि जेवणासकट. एक खाडीतून, खारफुटीच्या झाडांमधून जाणारी. आणि तिसरी, तळाला काच असलेली. बसल्या जागेवरून खालचं प्रवाळ दिसतं.

"सूर्यास्ताची घेऊ. फोटो छान येतील," शेषाद्री म्हणाला.

"तिच्यांत मासे तळतात. वास येईल," अप्पा म्हणाले. "खाडीची बरी. किनारा जवळ असतो."

अम्मा फोन डाव्या डोळ्याजवळ धरून बघत होत्या. बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "मज काचेची होणा."

त्यांच्या मराठीत होणा म्हणजे हवी. या बाईने स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. इतका आनंद झाला की मी लगेच तिथल्या होडीवाल्याला फोन लावला. त्याने सांगितलं, शनिवारी एकच फेरी, सकाळी दहाला. नंतर ओहोटी लागते, होडी खडकाला घासते.

अप्पा उठून कॅलेंडरपाशी गेले. न बघताही त्यांना पाठ होतं, तरी गेले. शनिवारी राहुकाळ नऊ ते साडेदहा.

"नोको," ते म्हणाले.

माझा पारा चढला. "अप्पा, पाण्यात कसला आलाय राहुकाळ? एवढं एक मागितलंय अम्मांनी!"

शेषाद्रीने टेबलाखालून माझा पाय दाबला. अप्पा माझ्यावर चिडले नाहीत. कॅलेंडरकडे तोंड करून म्हणाले, "एकदां माझें ऐकलें नाहीं. एक डोळा गेला. आतां एकच उरला आहे तिचा."

अप्पा हट्टाला पेटलेत असं मी इतकी वर्षं समजत होते. माणूस नुसता घाबरलेला होता.

अम्मांनी फोन खाली ठेवला. आता त्या नेहमीसारख्या "सरी", म्हणजे "बरं", म्हणणार आणि खाडीतली झाडं बघून येणार, अशी माझी खात्री होती. पण त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि वर्गात विचारतात तशा आवाजात विचारलं, "राहुकाळ कशावरून मोजतात?"

अप्पा वळले. "सूर्योदयावरून. दिवसाचे आठ भाग करायचे."

"कोठल्या सूर्योदयावरून?"

"म्हणजे? आपल्या."

"हें कॅलेंडर कोठें छापलें?"

"येथेंच. चेन्नईंत."

"अंदमान कोणत्या दिशेला?"

मागच्या बाकावरच्या मुलीसारखं अप्पांनी शेषाद्रीकडे पाहिलं.

"पूर्वेला," अम्मांनीच उत्तर दिलं. "तेथें सूर्य तासभर आधीं उगवतो. मग तेथला राहुकाळही तासभर आधीं. शेषा, बघ फोनांत."

शेषाद्रीने बघितलं. सूर्योदय सव्वापाचच्या सुमारास. अप्पांनी पेन मागितलं, वर्तमानपत्राच्या कडेला आकडेमोड केली, खोडली, पुन्हा केली. दहा वाजायच्या आधीच शनिवारचा राहुकाळ संपत होता.

"संपतो," अप्पा हळूच म्हणाले. आणि मग, हिशेब चुकला तर नाही ना अशा काळजीने, "खरेंच संपतो, अंबुजा."

अम्मा कॉफी करायला आत गेल्या. मी मागोमाग गेले, तर दुधाच्या पातेल्यासमोर उभ्या राहून पदराने डोळे टिपत होत्या. इतकी वर्षं हे माहीत होतं तर बोलला का नाहीत, असं मी विचारलं. "इतकी वर्षें चेन्नईबाहेर कोठें नेलें त्यांनी?" त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या.

शनिवारी दहाला आम्ही होडीत बसलो. अप्पा अम्मांच्या उजवीकडे, एका हाताने होडीची कड घट्ट धरून. होडी किनाऱ्यापासून दूर गेली आणि काचेखालची वाळू संपून प्रवाळ सुरू झालं. अम्मा वाकल्या, अगदी नाक काचेला लागेपर्यंत.

"तपकिरी!" त्या म्हणाल्या. "अय्यो, सगळें तपकिरी! मी पोरींना गुलाबी शिकविलें!"

होडीवाला म्हणाला, इथे असंच असतं. अम्मांचं तोंड परीक्षेत नापास झाल्यासारखं झालं. पण डोळे काचेवरून हलेनात. मासे आले, अम्मांनी नावं सांगितली. त्यांना उजवीकडचं दिसत नव्हतं, ते अप्पा सांगत होते. निळा मासा. पिवळे पट्टे. मोठी शिंपली, तोंड उघडलेली. बोलता बोलता त्यांचा होडीच्या कडेवरचा हात कधी सुटला, ते त्यांनाही कळलं नाही.

मग ते एकदम थांबले. "गुलाबी," ते म्हणाले. "येथें, माझ्या बाजूला. गुलाबी आहे, अंबुजा."

"खरेंच?"

"तूं फळ्यावर काढायचीस तसें."

मी वाकून त्यांच्या बाजूला पाहिलं. सगळं तपकिरी होतं. अप्पांनी वर पाहिलं, आमची नजरानजर झाली, आणि माझ्यासारखी तोंडाळ बाई आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली.

अम्मांनी मान वळवून बघितलं नाही. त्यांनी अप्पांचा हात हातात घेतला. "मग बरें," त्या म्हणाल्या. "पोरींना चूक शिकविलें नाहीं."