भावाचं पुस्तक आणि सरांची लाल गाडी

गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात जुने टायर साठतात ना, तसेच किस्सेही साठतात. मुद्दाम कुणी जमवत नाही आणि टाकूनही देत नाही. लातूरला औसा रोडवर माझं गॅरेज आहे, बाजूच्या मोकळ्या जागेत जुन्या गाड्या विकायला उभ्या असतात. बावीस वर्षांत टायर तीनदा भंगारात गेले, किस्से मात्र जागचे हलले नाहीत. त्यातले निम्मे एका पुस्तकाचे आणि आमच्या सोनटक्के सरांचे. चहा सांगितलाय, येईपर्यंत ऐका.

सर फिजिक्सचे. मी त्यांच्या वर्गात दोन वर्षं काढली. शिकलो असं म्हणवत नाही. माझं उत्तर बरोबर आलं तरी सर अर्धेच मार्क द्यायचे. "दिलीप, उत्तर नको. पायऱ्या दाखव!" उत्तर शेजारच्या बाकावरून आलंय हे त्यांना बरोबर कळायचं.

तर हे सर निवृत्त झाले आणि एक दिवस गॅरेजला येऊन म्हणाले, "स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. दोन दारांची. जुनी चालेल."

मी हसलो. सर हसले नाहीत. त्यांचा डावा गुडघा कुरकुरायला लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन-तीन वर्षांत बदलावा लागेल, आणि एकदा बदलला की इतकं खाली बसणं बंद. सगळी नोकरी स्कूटरवर काढलेल्या माणसाला, स्वतःचा गुडघा शाबूत आहे तोवर, एकदा जमिनीलगत बसून गाडी चालवायची होती. बस, एवढंच.

"पण भाव पुस्तकाप्रमाणे," सर म्हणाले आणि पिशवीतून पुस्तक काढलं.

मुंबईहून दर तीन महिन्यांनी निघणारं जुन्या गाड्यांच्या भावाचं पुस्तक. सरांनी त्याला खाकी कव्हर घातलेलं, आत लाल-निळ्या रेघा. प्रत्येक गाडीला तीन रकाने: एक नंबर, बरी आणि कशीबशी.

"सर, आपल्याकडं भाव समोरासमोर बसून ठरतो," मी म्हणालो.

"हे छापलेलं आहे दिलीप. तोंडी नाही!"

*

पहिली गाडी उदगीरच्या एका कंत्राटदाराची निघाली. पिवळी धमक, वरचं छत बटणानं उघडणारी. बटण दाबलं की छत उघडायचं, मिटायचं मात्र नाही. तसंच अडकून बसलेलं.

सर खूश. पुस्तकात बघून म्हणाले, "छताचा दोष म्हणजे रकाना 'कशीबशी'. भावात मोठी घट!"

कंत्राटदार म्हणाला, "घट? सर, ह्या छतामुळंच तर वरचे दोन लाख हायत!"

सरांना वाटलं, माणूस चेष्टा करतोय. तेवढ्यात एक बँडवाला आला, गाडीभोवती एक चक्कर मारली, सीटवर उभा राहून पाहिलं आणि कंत्राटदारानं मागितलेला आकडा जागेवर कबूल केला. जाताना सरांना म्हणाला, "वरातीत नवरदेव हुभा राहतो ना सर! छत मिटलं तर मला काय उपयोग?"

सरांनी त्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवलं: 'अपवाद.'

*

दुसरी गाडी नांदेडच्या डॉक्टर कोटलवारांची. दातांचे डॉक्टर. लाल, दोन दारांची, देखणी. हौसेनं घेतली, पण बाईसाहेबांना साडी नेसून तिच्यात बसता येईना. तेव्हापासून गाडी विकायला काढलेली, आणि डॉक्टरांना घाई काहीच नाही.

बघायला आम्ही तिघं गेलो. सर, मी आणि रामण्णा. रामण्णा मूळचा देवणीचा. पंचवीस वर्षं बैलबाजारात दलाली केली, मग म्हणाला बैल कमी झाले, गाड्या वाढल्या, म्हणून गाड्यांच्या दलालीत आला. खांद्यावर उपरणं तेच.

सर पुस्तक उघडून गाडीभोवती फिरायला लागले. रामण्णानं गाडीकडं ढुंकूनही पाहिलं नाही. तो दवाखान्याच्या दारात जाऊन उभा राहिला आणि आला परत.

"सर, घ्या डोळे झाकून."

"अरे, तू बॉनेट तरी उघडलंस का?"

"बॉनेट कशाला? दारात पेशंटच्या चपला बघा, कशा वळीनं लावून ठेवल्यात. जो मानूस दुसऱ्याच्या चपला वळीनं ठिवतो, त्यानं गाडीचं तेल टायमावरच बदललेलं असतंय!"

नंतर मी गॅरेजला आणून गाडी उघडून तपासली. तेल अगदी वेळच्या वेळी बदललेलं!

सर मात्र म्हणाले, "पुस्तकात चपलांचा रकाना नाही."

*

म्हणजे गाडी पसंत. अडलं भावावर. पुस्तक दोघांकडं एकच! डॉक्टर 'एक नंबर'च्या रकान्यावर बोट ठेवून साडेअकरा लाख म्हणायचे, सर 'बरी'च्या रकान्यावर बोट ठेवून दहा. दोघंही सज्जन, दोघंही छापलेलं मानणारे. एक दमडी हलायला तयार नाहीत.

असं एक नाही, दोन नाही, तीन वर्षं चाललं. गाडी खालून घासली की डॉक्टर ती माझ्याकडं आणायचे, आणि बातमी लागली की सर तिला बघायला यायचे. बाकीच्या वेळी पुस्तक वाचायचे. सरांच्या मिसेस एकदा मला म्हणाल्या, "दिलीप, एक तर ती गाडी तरी घ्यायला लाव, नाहीतर ते पुस्तक तरी रद्दीत घाल. रोज सकाळी पोथीसारखं वाचतात रे!"

*

मधे एकदा डॉक्टरांनी सरांना गाडी चालवून बघायला दिली. नांदेडहून लोह्याच्या बाजूला निघालो. सर चालवत होते, मी शेजारी. सरांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते मी वर्गात कधी पाहिलं नव्हतं.

एका गावात शाळेसमोर गावानं स्वतः घातलेला स्पीडब्रेकर लागला. तो कमी आणि बांध जास्त. गाडी पोटावर बसली. चाकं फिरायला लागली, गाडी जागच्या जागी.

मी उतरलो. सर उतरायला लागले, तसे गोळा झालेले लोक म्हणाले, "तुम्ही बसा गुरुजी! तुम्हाला उतरायला लई येळ लागायलाय!" आणि चौघांनी सरांसकट गाडी उचलून पलीकडं ठेवली.

एका म्हाताऱ्यानं हात झटकत विचारलं, "केवढ्याला घेतली?"

सर म्हणाले, "अजून नाही घेतली. भाव चाललाय."

"मंग आमची उचलाई कापून घ्या!"

गॅरेजला आल्यावर आमच्या पेंटर शब्बीरभाईंनी खाली वाकून गाडीचं पोट पाहिलं, मग सरांच्या हातातलं पुस्तक पाहिलं आणि म्हणाले, "साब, इस किताब कू कभी अपना रोड दिखाए क्या?"

*

रामण्णानं सरांना एकदा बैलबाजारातला सौदा समजावून सांगितला. दोघांचे हात उपरण्याखाली घ्यायचे, बोटं धरून आकडा सांगायचा. बाहेरच्याला काही दिसत नाही, भाव दोघांतच राहतो.

सरांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "बोटाला एकक काय?"

रामण्णानं स्वतःची बोटं उलटसुलट करून पाहिली.

"म्हणजे एक बोट बरोबर किती?"

"बैल असला तर हजार, गाडी असली तर लाख. आन् अर्धं बोट धरलं की अर्धा."

"आणि पुरावा?"

रामण्णा म्हणाला, "सर, हात धरल्यावर आनिक पुरावा कशाला?"

*

आता एक गोष्ट कबूल करतो. ती सरांना सांगायची माझी छाती झाली नव्हती.

त्या पुस्तकाच्या ऑफिसातून दर तीन महिन्यांनी एका मुलीचा मला फोन येतो. "सर, तुमच्या भागातले भाव सांगता का?" हातात पाना असतो, मी सांगतो. छोट्या गाड्या रोज विकल्या जातात, त्यांचे भाव पक्के. पण पहिल्यांदा तिनं त्या दोन दारांच्या गाडीचं विचारलं तेव्हा मला काय सांगावं कळेना. आपल्याकडं तसली गाडी एकच! समोर डॉक्टर उभे होते. त्याच सकाळी म्हणाले होते, "हिचे साडेअकरा यायला हवेत." मी सांगितलं साडेअकरा. "आणि बरी असेल तर?" म्हणालो, दीड कमी करा.

छापून आलं. डॉक्टर पुस्तक घेऊन नांदेडहून धावत आले. "बघा! मी म्हणालो तोच आकडा! काय अचूक पुस्तक आहे हो!"

सर म्हणाले, "म्हणूनच मी पुस्तक मानतो."

शाळेत ज्या माणसानं माझा एक आकडा पायऱ्यांशिवाय मान्य केला नाही, तो तीन वर्षं माझाच आकडा लाल पेनानं अधोरेखित करत बसला होता. मला रात्री झोप लागत होती, पण सर समोर आले की मी कुठल्या तरी गाडीखाली शिरायचो.

*

गेल्या महिन्यातली गोष्ट. डॉक्टरांची गाडी पुन्हा पोट घासून आलेली. सर आले, या वेळी काठी घेऊन. ऑपरेशनची तारीख ठरली होती, पंधरा दिवस राहिले होते.

"एकदा बसून बघतो," म्हणाले. रामण्णानं त्यांचा डावा पाय उचलून आत ठेवला. सर स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसते समोर बघत बसले. समोर काय, तर माझ्या टायरांचा ढीग! मी उगाच पाना शोधायला वाकलो. डॉक्टरांनीही मान दुसरीकडं फिरवली.

तरी सवय जाते का? डॉक्टर हळूच म्हणाले, "सर, पुस्तकात साडेअकरा आहे."

सर आतून म्हणाले, "बरी. दहा."

आणि माझा फोन वाजला. माझे हात ऑइलमध्ये. शब्बीरभाईंनी फोन उचलून स्पीकरवर टाकला आणि बॉनेटवर ठेवला.

"नमस्कार सर! भावाच्या पुस्तकातून बोलतेय. त्या दोन दारांच्या गाडीला तुम्ही दर वेळी साडेअकरा सांगता, तोच ठेवू ना?"

सरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"दिलीप."

"सर."

"पायऱ्या दाखव."

मी सगळं सांगितलं. कानाची पाळी आपोआप गरम झाली होती. सरांनी नजर डॉक्टरांकडं वळवली. "आणि डॉक्टर, तुम्ही साडेअकरा कुठून काढला?"

डॉक्टरांनी बराच विचार केला. म्हणाले, "मला तो ऐकायला बरा वाटला."

सर हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग पुस्तक मिटून बाजूच्या सीटवर ठेवलं आणि खिडकीतून हात बाहेर काढला. डॉक्टरांनी तो धरला. रामण्णानं कुणाला न विचारता दोन्ही हातांवर आपलं उपरणं टाकलं.

फोनमधून आवाज आला, "हॅलो? सर?"

"थांब माय," रामण्णा म्हणाला, "सौदा चालू हाय!"

उपरणं हललं. डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. पुन्हा हललं. सरांनी मान हलवली. तिसऱ्यांदा काही हललंच नाही, दोघं नुसते हात धरून राहिले. रामण्णानं उपरणं ओढलं तेव्हा किल्ली सरांच्या मुठीत होती. आकडा दोघांनी आजपर्यंत कुणाला सांगितलेला नाही. सरांच्या मिसेसनासुद्धा नाही.

सरांनी गाडी चालू केली. डाव्या गुडघ्यावर हात दाबून क्लच खाली घेतला, ओठ आवळून, पण घेतला.

"सर," मुलगी अजून फोनवरच होती, "मग या वेळचा भाव काय लिहू?"

शब्बीरभाईंनी बॉनेटवरचा फोन उचलून खिडकीशी धरला. सर फोनकडं झुकले आणि म्हणाले,

"लिही बेटा, पुस्तकाप्रमाणे!"